सहा महिन्यांचा मुक्काम

मुकुंद बारापात्रेनं दवाखान्यांसाठी आलेलं नवं सरकारी पत्रक उलगडलं, तर ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागलं. त्यानं एका टोकावर स्पिरिटची बाटली ठेवली, दुसऱ्या टोकावर बाळं तोलायच्या काट्याची दोन वजनं ठेवली आणि जरा मागं सरून पाहिलं. बेचाळीस रकाने. सरळ, काळे, कुठंही न पुसटलेले. सौंसरहून पांढुर्ण्याला येणाऱ्या मोटारीत ते त्यानं मांडीवर धरून आणलं होतं, शेजारच्या माणसाच्या कोंबडीपासून जपत.

"हे पाहा बाई," तो सरलाबाईंना म्हणाला. "ग्वाल्हेरला हेच, रिव्याला हेच, बस्तरला हेच आणि तुमच्याइथंही हेच. एक रोगी म्हणजे सगळीकडं एक रोगी. असं आजवर कधी झालं नाही."

"एक रोगी म्हणजे एक रोगी, हे सांगायला भोपाळहून कागद यावा लागला का?" सरलाबाई म्हणाल्या. त्या उकळत्या पाण्यातून कात्र्या काढत होत्या आणि त्यांनी मान वर केली नव्हती.

मुकुंदला या प्रश्नाचीच वाट होती. तो सौंसर तहसिलीचा सांख्यिकी लेखनिक. वय पंचवीस, लग्न व्हायचं होतं, आणि आकड्यांवर त्याचा जीव. गेल्या नोव्हेंबरात राज्यांची नव्यानं आखणी झाली, नागपूर-अमरावती मुंबई राज्यात गेली, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. तेव्हापासून तो तहसिलीतले दवाखाने पालथे घालत होता. एका दवाखान्यात त्याला असं आढळलं की तिथं रोगी मोजतच नसत, औषधाच्या बाटल्या मोजत. घरून बाटली आणायला जो विसरला, तो सरकारच्या हिशेबी आजारीच पडला नव्हता. दुसऱ्या ठिकाणी एका घरातल्या सगळ्यांना खरूज झाली तर एकच नोंद करत, कारण मलम एकाच डबीतून गेलं. आणि जांब नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीचं तर विचारूच नका. मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डोकी फुटून आलेल्यांच्या पुढं, अपघाताचं कारण या रकान्यात त्यानं इमानानं 'दगड' असं लिहिलं. छिंदवाड्याहून विचारणा आली, की त्या दिवशी खाण कोसळली होती काय. त्यानं दीड पान खुलासा पाठवला. रकान्यात दीड पान मावत नाही, एवढंच उत्तर आलं.

हे सगळं त्यानं सरलाबाईंना हातवारे करत सांगितलं. शेवटी त्यांनाही हसू आलं.

रुक्मिणीबाई जनाना दवाखाना म्हणजे गुजरी बाजारामागच्या गल्लीतल्या तीन खोल्या, दोन खाटा, एक टेबल आणि सरलाबाई उमाठे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन सह्या करून जात. बाकी जे काही होई, बाळाच्या पहिल्या रडण्यापासून नातेवाइकांना दटावण्यापर्यंत, ते सरलाबाई पाहत. नवरा शाळेत मास्तर होता, तो लवकर गेला. मग त्या नागपूरला जाऊन मिडवाइफचं शिकून आल्या, त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

"आता मुद्द्याचं ऐका," मुकुंदनं परिपत्रक काढलं. "कलम सात. ज्या दवाखान्यात सन छप्पनमध्ये राज्यातल्या रहिवासी बायांची निदान दीडशे बाळंतपणं झाली, तिथं दहा खाटांचा प्रसूती विभाग मंजूर होईल. आणि एक लेडी डॉक्टर."

सरलाबाई हातातली कात्री तशीच धरून स्टुलावर बसल्या.

"ऑपरेशन करणारी?"

"करणारी."

पांढुर्ण्यात बाई अडली, की तिला खाटेवर घालून स्टेशनात न्यायचं आणि नागपूरच्या गाडीची वाट पाहायची, अशी रीत होती. मागच्या पावसाळ्यात दोघी त्या वाटेतच दगावल्या. एक नरखेडच्या अलीकडं, एक काटोलच्या फलाटावर. दोन्ही वेळा सरलाबाई सोबत होत्या.

"एकशे त्र्याहत्तर झाली," दारातून आवाज आला. "मीच बेरीज केली होती."

ही जयश्री, सरलाबाईंची एकुलती एक. बाळंतपणाला माहेरी आलेली. मॅट्रिक झालेली असल्यामुळं रजिस्टराची पक्की प्रत तीच लिहायची. तिचा मुलगा तिचा हात सोडून टेबलापर्यंत चालत आला आणि पत्रकाचं लोंबतं टोक ओढायला लागला. मुकुंदनं घाईनं पत्रक वर घेतलं. पोर चालायला किती महिन्यांनी लागतं याची त्या ब्रह्मचाऱ्याला काही कल्पना नव्हती.

"एकशे त्र्याहत्तर," तो म्हणाला. "तेवीस जास्तच. बाई, वॉर्ड तुमचा झाला."

एवढं बोलून तो रजिस्टर तपासायला बसला, आणि तिथंच माशी शिंकली.

"ही मीना नत्थूजी, पांढुर्णा. इथं नवऱ्याचं नाव दिसत नाही."

"ते कायला लिहायचं? बाप घेऊन आला, बापाचं नाव लिहिलं. माहेरी आलेल्या पोरीला कोणी सासरच्या नावानं हाक मारते का?"

मुकुंदनं पानं उलटली. अठरा वर्षांची रजिस्टरं अशीच होती. ज्याच्या दारातून बाई आली त्याचं नाव, त्याची गल्ली. सून असली तर सासऱ्याची, लेक असली तर बापाची. सरलाबाईंना त्यात चूक दिसत नव्हती आणि गावातल्या कुणालाच दिसली नसती.

"मीनाचं सासर कुठं?"

"वरूड."

"वरूड मुंबई राज्यात गेलं, बाई."

"नोव्हेंबरात गेलं. पोरगी मेमध्ये बाळंत झाली. तेव्हा तर सारं एकच होतं."

"परिपत्रक म्हणते, आजच्या हद्दीप्रमाणं."

"म्हणजे नोव्हेंबरात काय होणार ते पाहून पोरीनं मेमध्ये कळा द्यायच्या होत्या."

मुकुंदनं निळी पेन्सिल काढली. सरलाबाई एकेक नाव पाहून सासर सांगत गेल्या. वरूड, मोर्शी, नरखेड, काटोल, सावनेर, नागपूर. पांढुर्ण्याच्या लेकी जिथं द्यायची रीत होती, ती सगळी गावं पलीकडं गेली होती. नावापुढं सासर लिहून केलेल्या निळ्या खुणा अठ्ठावन्न झाल्या. उरल्या एकशे पंधरा.

सरलाबाई उठून कात्र्या फडक्यानं पुसायला लागल्या, त्या आधीच कोरड्या होत्या. मुकुंदला वाईट वाटलं, इतकं की ते बेचाळीस रकाने त्याला प्रथमच नकोसे झाले.

"रहिवासी म्हणजे कोण, ते मागं लिहून आहे," जयश्री म्हणाली. तिनं परिपत्रक उचलून उलटं केलं होतं. "जी व्यक्ती सलग सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ राज्याच्या हद्दीत राहिली असेल ती."

"ते परासियाकडच्या कोळसा खाणींसाठी आहे. बाहेरून मजूर येतात ना, त्यांच्यासाठी."

"मजूर असं नाही लिहिलं. व्यक्ती लिहिलं आहे."

मुकुंदनं कागद तिच्या हातातून घेतला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग सरलाबाईंकडं पाहिलं.

"बाई, लेक माहेरी कधी येते?"

"पहिलटकरीण असली तर सातव्यात आणतात."

"आणि परत?"

"लेकरू पाच महिन्यांचं झाल्याबिगर कोण पाठवते? मान तर धरू द्या त्याला."

मुकुंद इतक्या झटक्यानं उठला की स्टूल कलंडलं. "पस्तीस पाहिजेत," तो म्हणाला. "अठ्ठावन्नातून फक्त पस्तीस. सहा महिने राहिलेल्या पस्तीस लेकी दाखवल्या, की झाले दीडशे."

त्या दिवशी मंगळवार होता. तहसिलीचा गठ्ठा शुक्रवारी सकाळी सौंसरहून छोट्या गाडीनं छिंदवाड्याला जायचा होता. म्हणजे गुरुवारी चारच्या मोटारीत मुकुंद बसलाच पाहिजे. त्यानं तिथंच एका कोऱ्या कागदावर रकाने आखले: नाव, सासर, कधी आली, परत कधी गेली, घरच्या कर्त्या माणसाची सही. आखताना त्याचे कान लाल झाले होते.

"एक सांगून ठेवते," सरलाबाई म्हणाल्या. "खोटी ओळ एक नाही पाहिजे. उद्या तपासणीला कोणी आलं आणि एक जरी खोटी सापडली, तर साऱ्याच खोट्या ठरतील. मग डॉक्टरीण अर्ध्या वाटेतून परत जाईल."

"एकही नाही," मुकुंद म्हणाला.

पण कोण कधी आली आणि कधी गेली, हे कुठल्याही रजिस्टरात नव्हतं. ते कलाबाईच्या डोक्यात होतं. कलाबाई म्हणजे दवाखान्याची दाई. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला गावातल्या घराघरात जाणारी, साठीची, काटक बाई. लेक सासरी निघाली की शेवटची आंघोळ तिच्याच हातची असे. अडचण एवढीच, की कलाबाईचं वर्ष सणांचं होतं आणि भोपाळचं तारखांचं. मग जयश्रीनं शेजारून दोन सालांची पंचांगं मागून आणली आणि ती मांडी घालून बसली. कलाबाईनं सण सांगायचा, जयश्रीनं तारीख काढायची, मुकुंदनं ती लिहून घराकडं धावायचं, असा तो कारखाना सुरू झाला.

बुधवारी सकाळी पहिलं घर नत्थूजींचं. नत्थूजी ओसरीवर संत्र्याच्या पेट्यांना खिळे ठोकवून घेत होते. सरकारी माणूस दारात पाहून त्यांनी आधी खिळे मोजून घेतले.

"माही पोरगी माह्या घरी किती दिवस राहिली, हे सरकारले कायले पाहिजे? जावयावर काही टॅक्स लावून राहिले का?"

"नाही जी. दवाखान्यासाठी आहे."

"काऊन ताणून राहिले नत्थूभाऊ," कलाबाई मागून म्हणाली. "होळीच्या आधी आणली होती मीनाले. पुरणाचा घास माह्याच हातानं भरवला तिले. अन् नवरात्रात घट बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. लेकराच्या अंगावर लाल झबलं होतं."

"लाल नाही, हिरवं," आतून नत्थूजींची बायको म्हणाली. "पण गेली मात्र घट बसल्यावरच."

सहा महिने अठरा दिवस. नत्थूजींनी सही केली आणि पाच संत्री मुकुंदच्या खिशात कोंबली. पहिली ओळ भरली. मुकुंदला ती पुन्हा पुन्हा काढून पाहावीशी वाटत होती.

दुपारपर्यंत गावात बातमी फिरली, आणि नेहमीप्रमाणं ती फिरता फिरता वाढली. मोठा दवाखाना येऊन राहिला, पण लेकी मोजून देईन म्हणते सरकार. मग लोकच दारात उभे राहायला लागले. कुणी मुकुंदला हाताला धरून घरात नेलं, कुणी तारीख पक्की करायला सुनेला विहिरीवरून बोलावून आणलं. एका आजोबांनी जावयाचं पत्रच काढून दाखवलं: अमुक तारखेला न्यायला येतो, गाडीत जागा धरून ठेवणे. जांब नदीपलीकडच्या सावरगावात तर निराळंच सुरू झालं. पांढुर्ण्याच्या चौदा लेकी लागल्या आणि आपल्या अकराच, हे कळल्यावर तिथल्या मंडळींनी कलाबाईला मधेच बसवून चहा पाजला आणि नीट आठव म्हणून बजावलं. दगडांऐवजी आकडे घेऊन गोटमार चालली होती म्हणा ना. मुकुंद धुळीनं माखला होता, आवाज बसला होता, आणि आयुष्यात इतका आनंद आपल्याला कधी झाल्याचं त्याला आठवत नव्हतं.

सगळ्याच लागल्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बाया महिना-दोन महिन्यांत परतलेल्या असत. घरी बाकीची पोरं आणि गोठा वाट पाहत असतो. सर्वांत जास्त हळहळ झाली ती गुजरीतल्या गुणवंताच्या बहिणीची, अनुराधाची. ती मोर्शीला दिलेली. नवरा कापसाच्या वेचणीसाठी माणूस नाही म्हणून लवकर न्यायला आला. पाच महिने पंचवीस दिवस. गुणवंतानं भर चौकात मेहुण्याला नाव ठेवलं.

गुरुवारी तीन वाजता चौघंही दवाखान्यात टेबलाभोवती बसली होती. खाटांवर दोन बाळंतिणी झोपल्या होत्या. मुकुंदनं बेरीज केली, मग खालून वर केली.

"लागलेल्या चौतीस," तो म्हणाला. "एकशे पंधरा आणि चौतीस. एकशे एकोणपन्नास."

"एक," कलाबाई म्हणाली. "एकीसाठी?"

"एकीसाठी."

"मग अनुराधेले लिही ना बाबू. पाच दिवसानं काय होते? गुणवंता तर दहा सह्या करून देईन."

मुकुंदचा हात टाकाकडं गेला, हे खोटं नाही. पाच दिवस. तपासायला कोण येतंय. त्यानं सरलाबाईंकडं पाहिलं.

"नाही," सरलाबाई म्हणाल्या. त्यांना तो एक शब्द बोलायला फार कष्ट पडले.

मुकुंदनं टाक खाली ठेवला. मोटारीला पाऊण तास होता. काहीतरी करायचं म्हणून तो न लागलेल्या मोजायला लागला. तेवीस. चौतीस आणि तेवीस सत्तावन्न. त्यानं पुन्हा मोजलं. मग तो एकदम ताठ बसला.

"निळ्या खुणा अठ्ठावन्न होत्या. यादीत सत्तावन्नच आहेत. एक बाई लागली पण नाही आणि सुटली पण नाही. ती राहूनच गेली, बाई. एक घर आपण पाहिलंच नाही."

त्यानं रजिस्टर ओढलं आणि पहिल्या पानापासून बोट फिरवायला लागला. निळी खूण, यादीत आहे. निळी खूण, आहे. उत्साहानं त्याला श्वास पुरत नव्हता. त्यामुळं कलाबाई पदराशी चाळा करत खिडकीबाहेर पाहत होती, आणि सरलाबाईंनी काही कारण नसताना उठून बाळंतिणीची चादर सारखी केली, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"सापडली. चार फेब्रुवारी, मुलगा, सहा पौंड. सासर नागपूर. नाव..."

तो थांबला. नाव जयश्री होतं. पुढं बापाचं नाव वामन उमाठे आणि गल्लीचं नाव हेच, दवाखान्याला लागून असलेल्या घराचं.

"ते राहू द्या," सरलाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "ती नाही लागत. ती पाहुणी आहे."

आता मात्र मुकुंदला कळलं, आणि कळल्याबरोबर ते न कळतं तर बरं झालं असतं असं वाटलं. जयश्रीचा नवरा श्रीकांत नागपूरच्या सचिवालयात होता. आधी तो म्हणाला, खोली लहान आहे, उन्हाळा निघू द्या. मग म्हणाला, पोळा होऊ द्या. मग दिवाळी. दिवाळीच्या तोंडावर राज्यं फुटली, त्याचं दफ्तर मुंबईला गेलं आणि त्याबरोबर तोही गेला. जागा मिळाली की नेतो, असं एक पत्र आलं. दुसरं त्याहून लहान. संक्रांतीनंतर काहीच नाही. गावात कुणी विचारलं की सरलाबाई सांगत, पुढच्या महिन्यात येऊन राहिले जावई. असं सांगता सांगता कितीतरी महिने गेले होते, आणि त्यांचा शब्द खोटा पाडायचं गावानंही मनावर घेतलं नव्हतं.

जयश्री पंचांग मिटून बसली होती. तिनं ते बाजूला ठेवलं.

"कितीचा मुक्काम लागतो म्हणालात?"

"सहा महिन्यांचा," मुकुंद हळू म्हणाला.

"मी पंचावन्नच्या दिवाळीला आले. चौदा नोव्हेंबर. पंचांग पाहावं लागत नाही. सोळा महिने झाले." तिनं टाक उचलला आणि यादीच्या शेवटच्या ओळीत नाव लिहिलं. अक्षर इतर ओळींसारखंच होतं, गोल आणि सरळ. सासर लिहिलं. कधी आली, लिहिलं. मग पुढच्या रकान्याशी तिचा हात थांबला.

"जयू," सरलाबाई म्हणाल्या. "हा कागद भोपाळला जाते. पण त्याआधी साऱ्या गावातून जाते."

"गावाला काय माहीत नाही, आई?"

"माहीत असणं वेगळं. लिहून देणं वेगळं."

"मला नाही आता वाट पाहायची." तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले होते. "परवापासून मी दुसऱ्यांच्या तारखा काढून राहिले. ही आली, ही गेली. माझी एकच आहे. निदान ती कामाला येऊ दे."

मुकुंदला उठून जावंसं वाटत होतं, पण पत्रक त्याच्यासमोर होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "परत कधी गेली, हा रकाना मला रिकामा नाही पाठवता येत. रिकामा असला तर ओळ बाद होते. आणि कर्त्या माणसाची सही लागते." हे बोलल्याबद्दल त्यानं स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

कर्तं माणूस त्या घरात एकच होतं.

सरलाबाई टेबलाशी आल्या. त्यांनी चष्मा पुसला, लेकीच्या हातातून टाक घेतला आणि यादी स्वतःकडं ओढली. वरपासून खालपर्यंत चौतीस ओळी होत्या आणि परत कधी गेली या रकान्यात चौतीस तारखा. त्या सगळ्या त्यांनी वाचल्या. मग शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'गेली नाही. इथेच राहते.' त्याच्यापुढं सही केली. सरला वामन उमाठे, आई.

"दीडशे," कलाबाई म्हणाली. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मग एकच धांदल उडाली. वीस मिनिटं उरली होती. मुकुंदनं बेचाळीस रकान्यांतला एकतिसावा भरला, दीडशे अक्षरी आणि अंकी, आणि घाईत शून्य जरा वाकडं आलं. जयश्रीनं यादीला टाचणी लावली. कलाबाईनं पोराला उचलून धरलं, नाहीतर त्यानं शाईची दौत लवंडलीच असती. पाकिटाला डिंक लावेपर्यंत सरलाबाई चपला घालून दारात उभ्या होत्या.

"तुम्ही कायला येता बाई? मी जातो पळत."

"मी येते. मोटार सुटेपर्यंत मला काही चैन नाही."

आणि त्या निघाल्या, मुकुंदच्या पुढं, पाकीट दोन्ही हातांत धरून. बाळंतपणाला बोलावणं आलं की जशा चालत तशाच, भराभर. गुजरीतली माणसं बाजूला होत होती. मोटार स्टँडवर उभी होती, टपावर संत्र्याच्या पेट्या चढत होत्या, खाली नत्थूजी उभे राहून त्या मोजत होते. त्यांनी सरलाबाईंना पाहिलं, त्यांच्यामागं धापा टाकणारा मुकुंद पाहिला.

"काय बाई, इतक्या घाईत? जावई येऊन राहिले वाटते या मोटारीनं."

मुकुंदनं मान खाली घातली.

सरलाबाई थांबल्या. त्यांनी पाकीट मुकुंदच्या हातात दिलं, तो चढेपर्यंत त्याच्याकडं पाहिलं, मग नत्थूजींकडं वळल्या.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "जावई नाही येत. जयश्री इथंच राह्यते आता. सरकारात लिहून दिलं." मग त्यांनीच पुढं सांगितलं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात. "दीडशेवी आहे माझी पोरगी."